लिनक्सवर वायफाय चालू, पण वेबसाइट उघडत नाही? डीएनएसमधला बिघाड नेमका कुठे आहे, हे असं शोधा

४ ऑक्टोबर २०२१ची रात्र अनेकांना आठवत असेल. भारतात नऊ वाजून गेले होते आणि फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप एकाच वेळी बंद पडलं. कुणी फोन बंद करून पुन्हा चालू केला, कुणी राउटरचं बटण दाबलं, कुणी इंटरनेट कंपनीला फोन लावला. प्रत्यक्षात बिघाड यांपैकी कुणाच्याच घरात नव्हता. देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या कमांडमुळे फेसबुकच्या डेटा सेंटरना जोडणारं जाळं तुटलं होतं. त्यामागोमाग 'फेसबुकचा पत्ता काय?' या प्रश्नाचं उत्तर देणारे कंपनीचे डीएनएस सर्व्हरही जगाला दिसेनासे झाले. सुमारे सहा तास हा गोंधळ चालला.

त्या रात्री ब्राउझरमध्ये जो संदेश दिसत होता, तसाच संदेश एखाद्या दिवशी फक्त आपल्याच लिनक्स लॅपटॉपवर दिसू शकतो. लक्षण तेच असतं, पण कारण घरातलं असतं: राउटर, व्हीपीएन, एखादी जुनी फाइल किंवा चुकलेलं घड्याळ. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची रात्र असेल, तर अशा वेळी दिसेल तो उपाय करून पाहण्याचा मोह होतो. काही जण तर अख्खी सिस्टम नव्याने टाकतात आणि दोष राउटरमध्ये असल्यामुळे अडचण तशीच राहते. म्हणून उपायाआधी बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधावं. त्यासाठी सहसा दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

(या लेखातल्या कमांड आणि फाइलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या असतात.)

डीएनएस म्हणजे काय?

इंटरनेटवरचे संगणक एकमेकांना आकड्यांच्या पत्त्याने ओळखतात. या पत्त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. माणसांना आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून वेबसाइटला नाव दिलं जातं. नाव सांगितल्यावर पत्ता शोधून देणारी जगभर पसरलेली यंत्रणा म्हणजे डोमेन नेम सिस्टम, अर्थात डीएनएस.

इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या जाळ्यावर ही यंत्रणा नव्हती. सगळ्या संगणकांची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये लिहिलेले असत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये ती फाइल सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तशी ही पद्धत अपुरी पडू लागली. १९८३मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली. तिच्यात सगळी माहिती एका जागी न ठेवता जबाबदारी वाटून दिलेली आहे.

त्या जुन्या फाइलची आठवण आजही प्रत्येक लिनक्स संगणकात आहे. तिचं नाव '/ईटीसी/होस्ट्स'. पुढे दिसेल की ही छोटी फाइल कधीकधी मोठी डोकेदुखी ठरते.

एक नाव शोधताना लिनक्समध्ये काय काय घडतं?

ब्राउझरमध्ये 'विकिपीडिया.ओआरजी' असं टाइप केल्यावर साधारण असा प्रवास होतो:

१. लिनक्स आधी '/ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ' ही फाइल पाहतं. नाव कुठे कुठे आणि कोणत्या क्रमाने शोधायचं, हे तिच्यातल्या 'होस्ट्स' या ओळीत लिहिलेलं असतं.

२. बहुतेक वेळा पहिला क्रमांक '/ईटीसी/होस्ट्स' फाइलचा असतो. तिथे नाव सापडलं तर शोध तिथेच संपतो.

३. तिथे नाव नसेल तर डीएनएसला विचारलं जातं. कोणाला विचारायचं ते '/ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलमध्ये असतं. या नावाच्या स्पेलिंगमध्ये 'व्ही'नंतर 'ई' हे अक्षर नाही. अनेकांची पहिली चूक इथेच होते.

४. उबुंटू आणि फेडोराच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये त्या फाइलमध्ये '१२७.०.०.५३' असा पत्ता दिसतो. हा बाहेरचा सर्व्हर नसून आपल्याच संगणकावर चालणारी 'सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' नावाची सेवा आहे. ती प्रश्न स्वीकारते, उत्तर आधीच साठवलेलं असेल तर लगेच देते, नसेल तर पुढे पाठवते.

५. पुढचा टप्पा सहसा घरातला राउटर असतो. तो प्रश्न इंटरनेट कंपनीच्या डीएनएस सर्व्हरकडे सोपवतो.

६. कंपनीच्या सर्व्हरलाही उत्तर माहीत नसेल, तर तो रूट सर्व्हरपासून सुरुवात करतो. रूट सर्व्हर '.ओआरजी' सांभाळणाऱ्यांकडे बोट दाखवतात, ते विकिपीडियाच्या सर्व्हरकडे, आणि तिथे शेवटचं उत्तर मिळतं.

हा सगळा प्रवास सेकंदाच्या छोट्याशा भागात होतो. यातला कोणताही एक टप्पा अडला, तरी वापरणाऱ्याला मात्र एकच गोष्ट दिसते: 'वेबसाइट उघडत नाही.' म्हणून टप्पे वेगळे करून तपासावे लागतात.

पहिली चाचणी: इंटरनेट बंद आहे की फक्त नावं सापडत नाहीत?

टर्मिनल उघडून या दोन कमांड एकामागून एक द्याव्यात:

'पिंग -सी ४ १.१.१.१'

'पिंग -सी ४ विकिपीडिया.ओआरजी'

पहिलीत थेट आकडी पत्ता आहे, त्यामुळे तिला डीएनएस लागत नाही. दुसरीला लागतं.

- दोन्ही चालल्या, तर डीएनएस ठीक आहे. अडचण ब्राउझरमध्ये किंवा त्या एका वेबसाइटमध्ये असू शकते.
- पहिली चालली आणि दुसरी अडली, तर जोडणी आहे आणि बिघाड डीएनएसमध्ये आहे. हा लेख त्याच परिस्थितीसाठी आहे.
- दोन्ही अडल्या, तर बहुधा जोडणीच नाही. आधी वायफाय, केबल, राउटर आणि संपलेला रिचार्ज पाहावा.

एक सावधगिरी: काही ऑफिस आणि कॉलेजांच्या नेटवर्कवर पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. तिथे पिंग अडलं म्हणून इंटरनेट नाही असं मानू नये.

'पण त्याच वायफायवर फोन चालतोय!' हा पुरावाही पुरेसा नसतो. वायफाय कमकुवत वाटलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. अँड्रॉइडमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' चालू असेल, तर तो राउटरला न विचारता वेगळ्याच सर्व्हरला विचारतो. तुलना करायचीच असेल तर फोनचा मोबाइल डेटा आणि प्रायव्हेट डीएनएस दोन्ही बंद करून करावी.

एररचा संदेश नीट वाचा

घाईत संदेश न वाचताच बंद केला जातो, पण अर्धं निदान त्यातच असतं.

टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन: प्रश्न विचारला, पण धड उत्तर आलं नाही. सर्व्हरपर्यंत पोहोचता आलं नाही किंवा त्याला उत्तर शोधता आलं नाही.

नेम ऑर सर्व्हिस नॉट नोन: उत्तर आलं, आणि ते 'असं नाव नाही' असं आहे. आधी स्पेलिंग तपासावं.

एनएक्सडोमेन: अर्थ तोच, असं डोमेन अस्तित्वात नाही. क्रोममध्ये 'डीएनएस प्रोब फिनिश्ड' या शब्दांसोबत हा दिसतो.

सर्व्हफेल: सर्व्हर भेटला, पण त्याला उत्तर मिळवता आलं नाही किंवा मिळालेल्या उत्तराची खात्री पटली नाही.

रिफ्यूज्ड: सर्व्हरने उत्तर द्यायला नकार दिला. तो सर्व्हर आपल्यासाठी नसावा.

टाइम्ड आउट: हा शब्द डीएनएस तपासणाऱ्या कमांडमध्ये दिसला तर सर्व्हरकडून काहीच उत्तर आलं नाही. ब्राउझरमध्ये 'कनेक्शन टाइम्ड आउट' दिसलं, तर मात्र पत्ता सापडला होता आणि अडचण त्यापुढची आहे. तिथे डीएनएस बदलून उपयोग होत नाही.

टप्पे वेगळे करून तपासणी

टप्पा १: कोणाला विचारलं जातंय?

'रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस' ही कमांड द्यावी. या स्पेलिंगमध्ये मात्र 'व्ही'नंतर 'ई' आहे. वायफाय, केबल, व्हीपीएन अशा प्रत्येक जोडणीसाठी कोणता डीएनएस सर्व्हर लावला आहे, ते इथे दिसतं. घरच्या वायफायवर सहसा राउटरचा पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१.

सर्व्हरची जागा रिकामी असेल, तर राउटरने ही माहिती दिलेलीच नाही. वायफाय तोडून पुन्हा जोडावं. तिथे अनोळखी पत्ता दिसला, तर तो कधी आणि कोणी टाकला हे शोधावं लागेल.

कमांडच सापडत नसेल, तर त्या सिस्टमवर ही सेवा नाही. तिथे 'कॅट /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' देऊन 'नेमसर्व्हर' शब्दापुढचा पत्ता पाहावा.

टप्पा २: एकच प्रश्न तिघांना विचारा

यासाठी 'डिग' हे साधन सर्वात उपयोगी आहे. ते नसेल तर उबुंटू आणि डेबियनवर 'डीएनएसयुटिल्स', फेडोरावर 'बाइंड-युटिल्स' हे पॅकेज टाकावं लागतं. डीएनएस बंद असताना पॅकेजही उतरत नाही, कारण त्याच्या सर्व्हरचं नावही शोधावंच लागतं. अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट थोडा वेळ जोडून पॅकेज घ्यावं आणि पुन्हा मूळ वायफायवर यावं.

आता तीन कमांड द्याव्यात:

'डिग विकिपीडिया.ओआरजी'

'डिग @१९२.१६८.१.१ विकिपीडिया.ओआरजी'

'डिग @१.१.१.१ विकिपीडिया.ओआरजी'

पहिलीत संगणकाच्या नेहमीच्या वाटेने प्रश्न जातो. दुसरीत थेट राउटरला विचारलं जातं. तिथे आपल्या राउटरचा पत्ता घालावा, जो 'आयपी राउट' या कमांडमध्ये 'डिफॉल्ट व्हाया' या शब्दांपुढे दिसतो. तिसरीत राउटरला वगळून बाहेरच्या सार्वजनिक सर्व्हरला विचारलं जातं.

- फक्त पहिली अडली: दोष आपल्या संगणकातल्या सेवेत किंवा सेटिंगमध्ये आहे.
- पहिली आणि दुसरी अडली, तिसरी चालली: दोष राउटरमध्ये किंवा इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये आहे. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करावा.
- फक्त तिसरी अडली: ऑफिस किंवा कॉलेजने बाहेरच्या डीएनएसला बंदी घातली असेल. हा बिघाड नाही.
- तिन्ही अडल्या, पण आकडी पत्त्याचं पिंग चालतं: डीएनएससाठी वापरलं जाणारं ५३ क्रमांकाचं पोर्ट फायरवॉलने अडवलेलं असू शकतं.

डिगच्या उत्तरात शेवटी 'सर्व्हर' आणि 'क्वेरी टाइम' अशा ओळी असतात. उत्तर नक्की कोणी दिलं आणि किती मिलिसेकंदांत दिलं, हे तिथे कळतं.

टप्पा ३: डिगला सापडतं, पण ब्राउझरला नाही

हे कोडं अनेकांना अडकवतं. डिग थेट डीएनएसला विचारतं. होस्ट्स फाइल आणि एनएसस्विचचा क्रम ते पाहतच नाही. बाकीचे बहुतेक प्रोग्राम मात्र तो क्रम पाळतात. त्यामुळे प्रोग्रामना काय दिसतं हे पाहायला 'गेटईएनटी होस्ट्स विकिपीडिया.ओआरजी' ही कमांड द्यावी. पहिल्या शब्दाचं स्पेलिंग जी-ई-टी-ई-एन-टी असं आहे.

दोन्हीकडे वेगळं उत्तर आलं, तर सर्वात आधी '/ईटीसी/होस्ट्स' उघडून पाहावी. वेबसाइट बनवणारे लोक चाचणीसाठी तिथे एखादं नाव लिहितात आणि विसरतात. पुढे वेबसाइट नव्या सर्व्हरवर जाते, सगळ्या जगाला ती दिसते आणि त्या एका लॅपटॉपवर मात्र जुनाच पत्ता उघडत राहतो. लक्ष विचलित करणाऱ्या साइट बंद ठेवण्यासाठी स्वतःच लिहिलेल्या ओळीही इथेच सापडतात.

उलटंही घडतं: टर्मिनलमध्ये सगळं अडलेलं आणि ब्राउझर मात्र छान चालू. फायरफॉक्स आणि क्रोममध्ये 'सुरक्षित डीएनएस' नावाची स्वतंत्र सोय आहे. ती चालू असेल तर ब्राउझर सिस्टमला न विचारता स्वतःच्या वाटेने पत्ता शोधतो.

टप्पा ४: सेवा चालू आहे का?

'सिस्टमसीटीएल स्टेटस सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' ही कमांड देऊन तिथे 'अ‍ॅक्टिव्ह' दिसतं का पाहावं. नसेल तर 'सुडो सिस्टमसीटीएल रीस्टार्ट सिस्टमडी-रिझॉल्व्ह्ड' द्यावं.

मग 'एलएस -एल /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' द्यावं. ही सेवा वापरणाऱ्या उबुंटूवर ही खरी फाइल नसते, '/रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ' या फाइलकडे नेणारा दुवा असतो. उत्तरात बाण आणि हा पत्ता दिसायला हवा. दिसला नाही, तर कुणीतरी किंवा एखाद्या प्रोग्रामने दुवा मोडून तिथे साधी फाइल ठेवली आहे. दुवा परत जोडायची कमांड अशी:

'सुडो एलएन -एसएफ /रन/सिस्टमडी/रिझॉल्व्ह/स्टब-रिझॉल्व्ह.कॉन्फ /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ'

वारंवार सापडणारी सहा कारणं

१. जुनं उत्तर साठून राहिलंय. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद साठवायचं याचा आकडा येतो. ३०० म्हणजे पाच मिनिटं, ८६४०० म्हणजे पूर्ण दिवस. 'असं नाव नाही' हे उत्तरसुद्धा काही काळ साठवलं जातं. म्हणून नवं डोमेन विकत घेतल्यावर ते सुरू होण्याआधीच उघडून पाहिलं, तर सुरू झाल्यावरही काही वेळ ते सापडत नाही. आपल्या संगणकावरचा साठा 'रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस' या कमांडने पुसता येतो. राउटर, ब्राउझर आणि इंटरनेट कंपनीचा साठा मात्र त्याने पुसला जात नाही.

२. व्हीपीएनचे उरलेले अवशेष. ऑफिसचं व्हीपीएन जोडलं की डीएनएसही ऑफिसचं लागतं. जोडणी नीट न तोडता लॅपटॉप मिटला, तर तेच सेटिंग कधीकधी मागे राहतं आणि घरी आल्यावर ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोहोचता येत नाही. व्हीपीएन पुन्हा जोडून व्यवस्थित तोडावं. तेवढ्याने भागलं नाही तर लॅपटॉप रीस्टार्ट करावा.

३. '.लोकल'ने संपणारी नावं. हा शेवट घरातले प्रिंटर वगैरे शोधण्यासाठी राखून ठेवलेला आहे आणि त्यासाठी वेगळी पद्धत वापरली जाते. काही ऑफिसांनी मात्र आपल्या अंतर्गत सर्व्हरना तशीच नावं दिलेली असतात. तिथे विंडोजवर सर्व्हर सापडतो, लिनक्सवर डिगला सापडतो, पण पिंगला आणि ब्राउझरला सापडत नाही. एनएसस्विचच्या क्रमात डीएनएसची पाळी येण्याआधीच शोध थांबवला जातो, हे त्याचं नेहमीचं कारण. इथे ऑफिसच्या सिस्टम सांभाळणाऱ्यांशी बोलून तोडगा काढावा.

४. प्रत्येक पान पाच सेकंदांनी उघडतं. स्थानिक सेवा नसलेल्या सिस्टमवर रिझॉल्व्ह.कॉन्फमधल्या पहिल्या सर्व्हरला आधी विचारलं जातं. तो बंद असेल तर ठरलेल्या पाच सेकंदांची वाट पाहून मगच दुसऱ्याला विचारलं जातं. एका पानावर दहा ठिकाणांहून चित्रं आणि जाहिराती येत असतील, तर हा उशीर साचत जातो. 'नेट स्लो आहे' म्हणून महागडा प्लॅन घेण्याआधी यादीतला पहिला पत्ता जिवंत आहे का, हे डिगने तपासावं.

५. घड्याळ चुकलंय. जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. डीएनएसची उत्तरं खरी आहेत का, हे सहीवरून तपासणारी डीएनएससेक नावाची पद्धत आहे. तिच्यातल्या सहीला मुदत असते. तपासणी चालू असलेल्या संगणकाचं घड्याळ चुकलं, तर खरं उत्तरही अमान्य ठरतं आणि सर्व्हफेल दिसतं. गंमत अशी की, अचूक वेळ आणण्यासाठी वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि तेच सापडत नसतं. अशा वेळी तारीख हाताने दुरुस्त केली की चक्र सुटतं.

६. देवनागरी डोमेन. '.भारत' हा देवनागरी शेवट २०१४पासून उपलब्ध आहे. डीएनएसमध्ये मात्र अशी नावं थेट देवनागरीत जात नाहीत. त्यांचं 'एक्सएन' आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात रूपांतर होतं. ब्राउझर ते आपोआप करतो, टर्मिनलमधला प्रत्येक प्रोग्राम करेलच असं नाही. त्यामुळे मराठी नावाची साइट ब्राउझरमध्ये उघडत असेल आणि टर्मिनलमधल्या एखाद्या प्रोग्रामला सापडत नसेल, तर ते रोमन रूप वापरून पाहावं.

डीएनएस सर्व्हर बदलायचा असेल तर

दोष इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये आहे हे टप्पा २मध्ये स्पष्ट झालं असेल, तर सार्वजनिक सर्व्हर वापरता येतो. गूगलचा ८.८.८.८ हा २००९पासून, क्वाड९चा ९.९.९.९ हा २०१७पासून आणि क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा २०१८पासून आहे.

उबुंटूच्या सेटिंग्जमध्ये वायफायच्या नावाशेजारचं चाकाचं चिन्ह दाबावं, 'आयपीव्ही४' हा भाग उघडावा, डीएनएससमोरचं 'ऑटोमॅटिक' बंद करून पत्ता लिहावा आणि 'अप्लाय' करावं. मग वायफाय एकदा बंद करून चालू करावं. हा बदल फक्त त्या एका वायफायपुरता राहतो, आणि तेच सोयीचं आहे.

बदलाआधी तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, आपण कोणती साइट शोधतो हे डीएनएस चालवणाऱ्याला दिसतं. सर्व्हर बदलला की ही माहिती एका कंपनीऐवजी दुसरीकडे जाते, नाहीशी होत नाही. दुसरी, ऑफिसच्या अंतर्गत सर्व्हरची नावं सार्वजनिक डीएनएसला माहीत नसतात. तिसरी, हॉटेल किंवा रेल्वे स्टेशनच्या वायफायवर लॉगिनचं पान बऱ्याचदा तिथल्याच डीएनएसच्या मदतीने पुढे आणलं जातं. पत्ता हाताने टाकलेला असेल तर ते पान उघडतच नाही.

'ही एक ओळ पेस्ट करा' असं सांगणाऱ्या पोस्टचं काय?

सोशल मीडियावर फिरणारा सर्वात लोकप्रिय उपाय म्हणजे रिझॉल्व्ह.कॉन्फ पुसून टाकायची, तिथे ८.८.८.८ लिहायचं आणि 'सीएचएटीटीआर' कमांडने फाइलला कुलूप लावायचं. त्या क्षणी साइट उघडतात, त्यामुळे पोस्टखाली 'धन्यवाद, चाललं' अशा कमेंटही दिसतात. अडचण नंतर येते. लॅपटॉप ऑफिसात नेला की अंतर्गत नावं सापडत नाहीत, व्हीपीएन अर्धवट चालतं, सेटिंग्जमध्ये केलेला कोणताही बदल लागू होत नाही. तोवर आपण कुलूप लावलं होतं, हेच विसरायला झालेलं असतं. तसं केलं असेल, तर 'सुडो सीएचएटीटीआर -आय /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ' या कमांडने कुलूप काढावं आणि टप्पा ४मधला दुवा परत जोडावा.

त्याहून गंभीर धोका अनोळखी डीएनएस पत्त्याचा. नाव विचारल्यावर पत्ता सांगणाराच खोटारडा असेल, तर बँकेचं नाव अचूक टाइप करूनही भलत्याच जागी पोहोचता येतं. हा कल्पनेतला धोका नाही. 'डीएनएसचेंजर' नावाच्या मालवेअरने जगभरातल्या लाखो संगणकांची डीएनएस सेटिंग बदलून ती टोळीच्या सर्व्हरकडे वळवली होती. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने ती टोळी उघडकीला आणली. ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर बाधित लोकांचं इंटरनेटच थांबलं असतं, म्हणून त्यांच्या जागी चांगले सर्व्हर ठेवावे लागले. ९ जुलै २०१२ रोजी तेही बंद झाले. ते मालवेअर विंडोज आणि मॅकसाठी होतं, पण काही राउटरच्या सेटिंगही त्याने बदलल्या. राउटरच बदलला गेला, तर त्यामागचा लिनक्स संगणकही त्याच खोट्या सर्व्हरला विचारतो. म्हणून राउटरचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड बदललेला असावा, आणि त्यातला डीएनएस पत्ता आपण ओळखतो असाच असावा.

दोष आपल्याकडे नाही, हे कधी मानायचं?

बाकी सगळ्या साइट उघडतात, एकच उघडत नाही, आणि वेगवेगळ्या सार्वजनिक सर्व्हरना विचारूनही सर्व्हफेल किंवा टाइम्ड आउट येतं, तर दोष त्या साइटच्या बाजूला आहे. मोबाइल डेटावरूनही ती उघडत नसेल तर शंका उरत नाही. २०२१च्या त्या रात्री हीच स्थिती होती. अशा वेळी संगणकात काहीही बदलू नये. समोरचा बिघाड दुरुस्त झाल्यावर साइट आपोआप उघडते, पण घाईत केलेले बदल मागे राहतात आणि पुढच्या आठवड्यात नवी अडचण उभी करतात.

थोडक्यात

- आधी आकडी पत्त्याला पिंग, मग नावाला पिंग. फरक दिसला तरच डीएनएसकडे वळा.
- एररचे शब्द वाचा. 'उत्तर आलं नाही' आणि 'असं नाव नाही' या दोन वेगळ्या अडचणी आहेत.
- डिगने संगणक, राउटर आणि सार्वजनिक सर्व्हर या तिघांना तोच प्रश्न विचारा.
- डिगला सापडतं पण प्रोग्रामला नाही, तर होस्ट्स फाइल आणि एनएसस्विच पाहा.
- एका वेळी एकच बदल करा, तो लिहून ठेवा आणि उपयोग झाला नाही तर मागे घ्या.
- अनोळखी पोस्टमधला डीएनएस पत्ता कधीही वापरू नका.

इंटरनेट कंपनीला फोन करायची वेळ आलीच, तर 'नेट चालत नाही' एवढंच सांगू नये. 'आकडी पत्त्याला पिंग होतं, राउटरच्या डीएनएसकडून टाइम्ड आउट येतं, १.१.१.१ला विचारलं तर उत्तर मिळतं,' असं सांगावं. मग 'राउटर बंद करून चालू करा' या ठरलेल्या उत्तरापुढे बोलणं जातं आणि तक्रार योग्य माणसापर्यंत लवकर पोहोचते.